चाकं पायथ्यालाच थांबू द्या

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी नाशिकहून त्र्यंबकेश्वर, पहिने, घोटी, इगतपुरीच्या दिशेला गाड्यांची रीघ लागते. त्यातल्या बहुतेक गाड्या डांबरावरच राहतात. माणसं धबधब्याखाली भिजतात, भाजलेली कणसं खातात आणि दिवेलागणीला घरी परततात. त्यांच्याविषयी आज मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचं आहे ते डांबर सोडून आत शिरणाऱ्या गाड्यांविषयी. जाड नक्षीचे टायर लावलेल्या फोर बाय फोर जीप, उंच सस्पेन्शनच्या मोटरसायकली, कधी चार-पाच तर कधी लांबलचक ताफा. माळावरून, ओढ्यातून, गुरांच्या वाटेवरून त्या जातात आणि जंगलाची हद्द कुठे लागली हे त्यांच्यातल्या अनेकांच्या गावीही नसतं.

अलीकडे या मंडळींकडून एक मागणी कानावर येते. डोंगर सगळ्यांचा आहे, तुम्ही चालत जा, आम्ही गाडीने येतो, एकमेकांना सांभाळून घेऊ. ऐकायला ही मागणी रास्त वाटते. समंजस माणसाने भांडण टाळावं असं आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं, त्यामुळे तिला नाही म्हणणारा माणूस हेकेखोर ठरतो. तरीही मी नाहीच म्हणतो. संरक्षित डोंगरांवरच्या, राखीव वनातल्या आणि माळरानांवरच्या पायवाटा मोटारगाड्यांबरोबर वाटून घेता येत नाहीत. गाडीवाल्यांना त्यांच्या छंदासाठी वेगळी जागा द्यावी, चांगली द्यावी, सरकारने पुढाकार घेऊन द्यावी. पण ही वाट नको.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. या छंदाविषयी माझ्या मनात अढी नाही. नाशिकमध्ये राहून तशी अढी बाळगणं अवघडच आहे. जिच्यावर देशभरातली तरुण पोरं जीव टाकतात ती थार आपल्याच सातपूरच्या कारखान्यात तयार होते. त्या कारखान्यावर आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या अंबड-सातपूरच्या वर्कशॉपवर शहरातली किती घरं चालतात हे इथल्या कुणाला सांगायला नको. नाशिकला मोटर रॅलीची जुनी परंपरा आहे. टायरमधली हवा किती उतरवायची, चढावर कुठल्या गिअरला राहायचं, चिखलात रुतलेली गाडी विंचने कशी ओढायची, यात खरं कौशल्य आहे. आडरानात अडकलेल्या अनोळखी माणसाला बाहेर काढायला हीच पोरं रात्री-अपरात्री धावतात. म्हणून त्यांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. प्रश्न माणसांच्या स्वभावाचा नाही, यंत्राचा आहे आणि ते यंत्र कुठल्या जमिनीवर चालतं याचा आहे.

एका वाटेवर शंभर माणसं चालत गेली, तरी एकशे एकाव्याला चालता येतं. पक्षी पाहणारा थांबतो, मागचा त्याला ओलांडून जातो, गवताचा भारा डोक्यावर घेतलेली बाई येते तेव्हा दोघं बाजूला सरतात. वाटून घेणं म्हणतात ते हेच. त्याच वाटेवर तीन जीप आल्या की बाकी सगळ्यांना वाट सोडावी लागते. भारेवाली बाई बांधावर चढते. गुरं बुजतात, एखादी पाडी करवंदीच्या जाळीत घुसते. पक्षी उडून जातात. आणि आवाज तर वाटेपुरता राहत नाहीच. चढावर रेटलेल्या डिझेल इंजिनाचा आवाज दरीत शिरतो, समोरच्या कड्यावर आपटून परत येतो. जो तिकडे पलीकडच्या सोंडेवर निवांत बसला आहे त्याचीही सकाळ जाते. चालणाऱ्याच्या असण्याने गाडीवाल्याचं फारसं काही हिरावलं जात नाही. गाडीच्या असण्याने चालणाऱ्याचं जवळजवळ सगळंच हिरावलं जातं. जिथे दर वेळी एकाच बाजूने माघार घ्यायची, तिथे सहअस्तित्वाची भाषा कुणी करू नये.

आता जमिनीकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

चाक आणि पाय यांच्या दाबाची तुलना करून बरेच जण वाद घालतात. दाबाचं गणित केलं तर रुंद टायर आणि माणसाचं पाऊल यांत वाटतो तेवढा फरक निघणार नाही, हे मला मान्य आहे. फरक दुसरीकडे आहे. पाऊल तुटक ठसा सोडतं. एक इथे, दुसरं तिथे, मध्ये गवत उभं. चाक सलग रेघ ओढतं आणि दोन चाकांच्या दोन समांतर रेघा उतारावरून सरळ खाली जातात. शिवाय चाक फिरतं. पावणेदोन टनांची गाडी ओल्या चढावर घसरायला लागली की चालक ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी गरगरतं आणि टायरची नक्षी मुळांची जाळी उपटून मागे फेकते. मातीला धरून ठेवणारी गोष्ट तीच असते.

पहिन्याच्या पुढे डाव्या हाताला एक माळ आहे. तिथली अशी एक चाकोरी मी श्रावणात जवळून पाहिली. कातळावर जेमतेम चार बोटं माती. आजूबाजूला सोनकी यायच्या बेतात होती, तेरडा फुलला होता आणि पाणथळ भागात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर होता. चाकोरीत यातलं काहीच नव्हतं. तळ सिमेंटसारखा घट्ट झाला होता. मी काडी खुपसून पाहिली, ती वाकली. पाणी मुरायला जागाच नसल्यामुळे ते चाकोरीतून पन्हाळीसारखं धावत होतं आणि उताराच्या टोकाला त्याने गुडघाभर खोल घळ पाडली होती. घळीच्या तोंडाशी तांबूस मातीचा पंखा पसरला होता. ती माती त्या माळावर परत चढणार नाही. कातळावर अशी चार बोटं माती साठायला किती पिढ्या गेल्या असतील याचा अंदाज बांधणंही कठीण आहे.

चाकोरी खोल झाली, पाणी साचलं की पुढच्या वेळी गाडी त्यातून जात नाही. ती शेजारून जाते. म्हणून एका वाटेच्या दोन होतात, दोनाच्या चार. त्या माळावर मला वेणीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या वाटा दिसल्या आणि त्यांच्या मधली बेटं दर पावसाळ्यात बारीक होत चालली आहेत. गुराखी आजोबा तिथेच बसले होते. म्हणाले, "पयले येकच वाट होती बाबा, बैलांची." इतकंच म्हणाले आणि गुरं वळवायला उठले.

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातला पाऊस कसा पडतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. अशा ठिकाणी उताराच्या दिशेने ओढलेली प्रत्येक रेघ म्हणजे पाण्याला खणून दिलेला पाट. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, तिला मिळणारे ओहोळ याच उतारांवरून येतात आणि तेच पाणी पुढे गंगापूर धरणात साठून नाशिकच्या नळांना येतं. म्हणजे चाकोरीतली माती शेवटी जाते कुठे, तर आपल्याच धरणाच्या तळाला.

उन्हाळ्यातली गोष्ट निराळी आणि तितकीच वाईट. डिसेंबरनंतर डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत होतं. गाडीच्या खालून जाणारा सायलेन्सर आणि त्याच्या आधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भयंकर तापलेले असतात. उंच वाळल्या गवतात गाडी उभी केली तर तेवढंही वणवा लागायला पुरतं. टायरच्या नक्षीत अडकलेला चिखल एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातो आणि त्याच्याबरोबर गाजरगवताचं बी जातं. रस्त्याच्या कडेला थांबलेलं गाजरगवत असं चाकाला लागून पठाराच्या मध्यात पोहोचतं.

अंजनेरीचं उदाहरण घ्या. हा डोंगर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरही नाही. एवढ्याशा जागेत सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प उगवतं, ज्याच्या शास्त्रीय नावातच या डोंगराचं नाव आहे. पावसाळ्यात कंदाला कोंब फुटतो, गवताच्या आधाराने काही आठवडे वाढतो, फुलतो आणि नाहीसा होतो. बाकीचं वर्ष तो कंद उथळ मातीत पडून असतो. तो तिथे आहे हे वरून कुणालाच दिसत नाही. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे भारतातली गिधाडं नव्वदच्या दशकापासून जवळजवळ संपली, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली आणि त्यानंतर उरलेल्या मोजक्या जोड्या अशा कड्यांवर टिकून आहेत. एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्या कड्याखाली इंजिनांचा गलका व्हावा का, यावर मला चर्चासुद्धा करवत नाही.

पण संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं म्हणजे गाड्या आपोआप थांबल्या असं नाही आणि इथे कायद्यातली एक फट समजून घ्यायला हवी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ (१) नुसार अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. संवर्धन राखीव क्षेत्र हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६ अ मध्ये आला. त्याला अभयारण्याची काही कलमं लागू केली आहेत. आग लावू नये, प्राण्यांना त्रास देऊ नये, कचरा टाकू नये, घातक पदार्थ वापरू नयेत वगैरे. प्रवेशबंदीचं २७ (१) मात्र त्यात नाही. ते मुद्दामच नसावं, कारण या क्षेत्रांच्या आसपास माणसं राहतात, त्यांचं येणं-जाणं अडू नये. हेतू योग्य आहे. पण गावकऱ्याची बैलगाडी अडू नये म्हणून ठेवलेल्या दारातून आता शहरातल्या जीप आत येतात. जमीन राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ हाताशी असतं, त्याखाली विनापरवाना घुसखोरी हा गुन्हा आहे. प्रत्यक्षात एका वनरक्षकाकडे कितीतरी किलोमीटरची हद्द असते आणि त्याच्याकडे बहुधा एक जुनी मोटरसायकल. ताफ्यासमोर तो एकटा काय करणार?

बोरगडची गोष्ट मला याहून जास्त बोचते. दिंडोरीच्या अंगाला, रामशेजच्या शेजारचा हा डोंगर २००८ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला. साडेतीन चौरस किलोमीटरची जागा. एके काळी उघडाबोडका झालेला हा डोंगर वनखातं, नाशिकचे निसर्गप्रेमी आणि पायथ्याच्या आदिवासी पाड्यांनी मिळून पुन्हा हिरवा केला. पाड्यातल्या लोकांनी चराई आवरली, कुऱ्हाड आवरली. ज्याच्या घरी चूल लाकडावर पेटते आणि गोठ्यात दोन शेळ्या आहेत, त्याने डोंगर सोडणं म्हणजे काय हे आपल्याला गॅसच्या शेगडीपाशी बसून नीट कळणार नाही. आता त्याच माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझी शेळी चालणार नाही पण रविवारी येणारी जीप चालेल? संवर्धनाची किंमत गरिबाने मोजायची आणि त्यातून हिरवा झालेला डोंगर इतरांनी खेळायला वापरायचा, हा अन्याय आहे. माझ्या विरोधात मातीइतकाच वाटा या अन्यायाचा आहे.

येवल्याकडचं ममदापूर आणखी वेगळं. तिथे डोंगर नाही, दाट झाडीही नाही. काळवीटांचं माळरान आहे, चोपन्न चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र. माळ मोकळा दिसतो म्हणून तो रिकामा आहे असं गाडीवाल्याला वाटतं. त्यात वाट अशी ठरलेली नसते, जिथे चाक जाईल ती वाट. पण टिटवी, चंडोल, रातवा यांची अंडी उघड्या जमिनीवरच असतात, खड्यांच्या रंगाची. चालणारा माणूस निदान खाली बघत चालतो. काळवीटाची पाडसं जन्मल्यावर पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहतात, पळत नाहीत. धोका आला की न हलणं हाच त्यांचा बचाव आहे. लांडग्यापुढे तो चालतो. टायरपुढे चालत नाही.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप मी टाळणार नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप म्हाताऱ्या आणि अपंग माणसांचा आहे. ज्यांना चालता येत नाही त्यांनी डोंगर पाहायचाच नाही का? याचं उत्तर माथेरानने देऊन ठेवलं आहे. तिथे गाडी दस्तुरी नाक्याला थांबते, मग ती कुणाचीही असो. २००३ मध्ये केंद्राने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं, पण खासगी मोटारींना मज्जाव त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. वर जायला मिनी ट्रेन आहे, घोडे आहेत, रुग्णवाहिका आहे. माणसाने माणसाला ओढायचं बंद व्हावं म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने अलीकडे ई-रिक्षाही आल्या. अडचण असलेल्यासाठी मोजकं, नेमक्या वाटेवरचं, स्थानिकाच्या हातातलं वाहन वेगळं आणि प्रत्येकाला स्वतःची गाडी मनाला येईल तिथे नेण्याची मोकळीक वेगळी. पहिल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आणि एक निरीक्षण नोंदवतो. ओढ्यात जीप उडवणाऱ्या ताफ्यांत मला आजवर कुणाची आजी दिसलेली नाही.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. गाड्या आल्या की गावात पैसा येतो म्हणतात. थोडा येतो, चहाचा, भजीचा, पार्किंगचा. पण हा पैसा गाडी डोंगरावर चढल्याने येत नाही, ती गावात थांबल्याने येतो. गाडी सरळ वर गेली तर ती गावातून धूळ उडवत निघून जाते, डबा घरचा आणि पाणी बाटलीतलं. पायथ्याला थांबली तर पार्किंग गावाचं, वाटाड्या गावचा, जेवण गावातल्या घरचं. साताऱ्याच्या कास पठारावर हे घडलं आहे. पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, गर्दी वाढली, मग संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी प्रवेशशुल्क लावलं, रोजच्या संख्येला मर्यादा घातली, गाड्या पठारापासून लांब उभ्या करायला लावल्या. तिथेही कुरबुरी आहेत, कुंपणावरून तर भरपूर वाद झाले. पण फुलांवरून चाकं फिरत नाहीत आणि हंगामात गावातल्या पोरांना काम मिळतं.

तिसरा आक्षेप ट्रेकर मंडळींवर उलटवला जातो. तुम्ही काय कमी घाण करता? हा आरोप खरा आहे. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर रविवारी होणारी चेंगराचेंगरी, दुगारवाडीला पावसात अडकणारे जथे, प्लास्टिकच्या बाटल्या, कड्यावर लावलेले स्पीकर. यावरही बंधनं हवीत, संख्येवर हवीत आणि मी ती आनंदाने पाळीन. पण चालणाऱ्यांनी केलेलं नुकसान हे गाड्या आत घेण्याचं कारण कसं होऊ शकतं? आधीच दुखावलेल्या जमिनीवर आणखी वजन कशासाठी?

चौथा आक्षेप मला सर्वात जास्त विचारात पाडतो. सरकार स्वतः डोंगर फोडतं, रस्ते काढतं, मग चार जीपवाल्यांच्या मागे काय लागता? अंजनेरीवर रस्ता नेण्याचा घाट घातला गेला, नंतर अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेची योजना आली, ब्रह्मगिरीच्या पायथ्याला उत्खननाने लचके तोडले गेले. याच्या तुलनेत चाकोरी किरकोळ आहे, खरं आहे. पण त्या रस्त्याला नाशिककरांनी विरोध केला तो कशाच्या बळावर? या पठाराला चाक सोसत नाही, या एका म्हणण्यावर. तेच म्हणणं आपण जीपपुढे सोडून दिलं, तर उद्या बुलडोझरपुढे उभं राहायला आपल्याकडे काही उरत नाही. आणि ज्या वाटेवर चार वर्षं गाड्या फिरल्या ती कागदोपत्री "अस्तित्वातला रस्ता" म्हणून दाखवणं किती सोपं आहे हेही लक्षात घ्या. वहिवाट पडली की रुंदीकरणाचा प्रस्ताव येतोच. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकच्या आसपासचे रस्ते मोठे होत आहेत. मोठ्या रस्त्यावरून जास्त गाड्या येतील आणि प्रत्येक मोठ्या रस्त्याला आत शिरणारे फाटे असतात. त्यामुळे ही वेळ निर्णय पुढे ढकलण्याची नाही.

या डोंगरांशी आपलं नातं तसंही पायांचंच आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसं ब्रह्मगिरीची फेरी करतात. रात्रभर, पावसात, कित्येक जण अनवाणी. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या समाधीला गावोगावच्या दिंड्या येतात त्याही चालत. फेरीच्या वाटेवर म्हाताऱ्या बाया एकमेकींच्या आधाराने चढतात. ही वाट चालणाऱ्यांची आहे हे कुठल्या अधिसूचनेत लिहावं लागलं नव्हतं, शतकानुशतकं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बाहेरच्या अनुभवातली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. अमेरिकेत ऑफरोड गाड्यांचं वेड आपल्या आधी कितीतरी वर्षं आलं. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक जमिनींवरच्या अशा गाड्यांसाठी आदेश काढला, १९७७ मध्ये कार्टर यांनी तो कडक केला. जिथे मोठं नुकसान दिसेल तिथे अधिकाऱ्याने वाट तत्काळ बंद करायची, असं त्यात होतं. तरीही अनेक जंगलांत वर्षानुवर्षं पाटी नसेल तिथे गाडी चालत राहिली आणि नव्या चाकोऱ्या पडत राहिल्या. शेवटी २००५ मध्ये तिथल्या वनसेवेने नियम उलटा केला. नकाशावर जी वाट गाड्यांसाठी खुली म्हणून दाखवली आहे तेवढीच खुली, बाकी सगळं बंद. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने नोंद नसलेल्या जुन्या वाटांवरचे मोटारींचे बहुतेक हक्क संपवले. गाड्यांचं इतकं प्रेम असलेल्या देशांना जे तीन-चार दशकं हात पोळून कळलं, ते आपण थेट उचलावं. जागोजागी "प्रवेश बंद"च्या पाट्या लावत बसायचं नाही. पाट्या चोरीला जातात, त्यांच्यावर जाहिराती चिकटतात. नियम असा हवा, की संरक्षित क्षेत्रात आणि राखीव वनात नकाशावर नसलेल्या वाटेवर मोटारगाडी म्हणजे गुन्हा. पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबर, नकाशावरच्या कच्च्या वाटाही बंद. अपवाद रुग्णवाहिका, आग विझवणारे, वनखातं आणि तिथला रहिवासी. बस.

नकाशा कुणी करायचा? मुंबईतल्या किंवा नागपुरातल्या कार्यालयाने नव्हे. अंजनेरी, बोरगडसाठी संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समित्या आहेत, कायद्याने त्यांत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला आपल्या हद्दीतलं जंगल, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकार दिला आहे. पाड्यावरच्या बायांना विचारा, कुठल्या वाटेने पाणी आणतात, कुठल्या वाटेने गुरं जातात, कुठे गाड्यांनी ओढा गढूळ होतो. दंडाची रक्कम गावाच्या समितीकडे जावी, तरच गाव लक्ष ठेवेल.

आणि गाडीवाल्यांना जागा. सारूळ, राजूर बहुलाच्या बाजूला दगडखाणींनी टेकड्या कापून ठेवल्या आहेत. जिथे खाणकाम थांबलं आहे तिथे खडी चढण आहे, सैल दगड आहे, पावसाळ्यात हवा तेवढा चिखल आहे. पाणी साठलेल्या खोल खाणी वगळून, कडांना सुरक्षित करून, शुल्क लावून, रुग्णवाहिका ठेवून तिथे उत्तम मैदान होऊ शकतं. शहरापासून जवळ, पिकाचं नुकसान नाही, घरट्यांचं नाही. गाड्या घडवणाऱ्या शहरात गाड्या खेळवायला एक रीतसर मैदान नसावं ही नाशिकची उणीवच आहे. जिल्हा प्रशासनाने ती भरून काढावी. तिकडे पोरांनी गाडी हवी तेवढी उलटीपालटी करावी, आम्ही बघायला जाऊ.

क्लबवाल्यांकडे मात्र माझं एक थेट मागणं आहे. कुठल्या फाट्यावरून गाडी आत शिरते, कुठल्या ओढ्यात उतरता येतं, कुठल्या गेटला कुलूप नसतं, हे वनखात्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. तुमच्या मोबाइलमध्ये गेल्या कित्येक वर्षांचे जीपीएस ट्रॅक साठलेले आहेत. जबाबदारीने गाडी चालवतो असं तुम्ही म्हणता, त्यावर माझा विश्वास आहे. तर ते सगळे ट्रॅक एका नकाशावर उतरवा आणि मे संपायच्या आत नाशिकच्या पूर्व आणि पश्चिम वनविभागाच्या उपवनसंरक्षकांकडे नेऊन द्या. कुठल्या वाटांवर पहिला चर खणायचा, कुठे दगडी गडगा घालायचा, हे त्यांना पाऊस पडण्याआधी ठरवता येईल.